तीन तिरिपी

खिडकीतला दिवा तीनदा लुकलुकला आणि ईनिडने हातातली किटली खाली ठेवली.

"असं नव्हतं," ती म्हणाली.

चित्रपटाच्या मंडळींनी माना वळवल्या. सफोकमधल्या त्या गावात चित्रण सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. मंडळींना आपल्याच अंगणातून चहा देणारी ही सत्तेचाळीस वर्षांची अविवाहित बाई आजवर 'साखर किती?' यापलीकडे बोलली नव्हती.

दोरीपलीकडे गंमत पाहायला जमलेल्यांतून पोस्टातली माबेल ओरडली, "विचारा, विचारा! आमच्या ईनिडला सगळं दिसतं हो. नसलेलंसुद्धा!"

लोक हसले. सदतीस वर्षे ते असेच हसत आले होते.

एकोणीसशे एक्केचाळीसच्या जूनमध्ये एका संध्याकाळी, दहा वर्षांच्या ईनिडने समोरच्या घरात, शाळामास्तर लायनल वॉस यांच्या खिडकीत, तीनदा काहीतरी चमकताना पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी तिने ते सहज बोलून दाखवले. मास्तरांची आई जर्मन होती, तेवढे पुरले. झडतीत दाढीचा आरसा सापडला. त्या आरशाने शत्रूच्या विमानांना खुणा केल्या, असे ठरले. "त्या वेळी घरात कोण होतं?" या प्रश्नाला मास्तरांनी एकच उत्तर दिले, "कोणी नाही." त्याच हिवाळ्यात स्थानबद्धांच्या छावणीत न्यूमोनियाने ते गेले. ते निर्दोष होते, हे सरकारने पुढे दोन ओळींत कळवले.

या प्रकरणावर ईनिडच्या थोरल्या बहिणीने, रोझमंडने, कादंबरी लिहिली आणि ती देशभर गाजली. कादंबरीत आरशाचा दिवा झाला आणि संध्याकाळची रात्र झाली. "वाचकांना अंधार लागतो," असे ती म्हणाली होती. एरवी चित्रणात कोटाचे चुकलेले बटणही तिला खपत नसे. तिने नावे बदलली होती. पण कादंबरीतली मत्सराने खोटे बोलणारी धाकटी बहीण कोण, हे गावाला वेगळे सांगावे लागले नाही.

मास्तरांची आई अजून हयात होती. दर रविवारी ईनिड तिच्या दाराशी केक ठेवून येई. दार कधी उघडले नाही.

"कसं होतं मग?" प्रकाशयोजना पाहणाऱ्या वृद्ध पर्सीने तिला हळूच विचारले.

"ऊन होतं. खिडक्यांना काळे पडदे लावून आम्हाला झोपायला धाडायचे, आणि बाहेर लख्ख ऊन. मी पडद्याचा कोपरा उचलून पाहत होते. देवळाच्या घड्याळात नऊ वाजले."

पर्सी स्वतःशीच हसला. "बरोबर. युद्धात उन्हाळ्यात उजेड पुरावा म्हणून घड्याळं दोन तास पुढे लावलेली ना! आता उन्हाळ्यात एकच तास पुढे असतात. तेव्हाचे नऊ म्हणजे आताचे आठ, बाई. आज दिवसही तोच जूनचा. थांबता का जरा?"

"कशाला?"

"मी आयुष्यभर उजेडाचीच चाकरी केली. समोरच्या काचेवर ऊन आलं, की आरसा लागत नाही."

आपण पाहिले ते खरे होते की मनाचे खेळ, हे ईनिडने स्वतःला इतक्यांदा विचारले होते, की पुढे पुढे उत्तराचीच भीती वाटू लागली होती. काचेवरचे ऊन! तेवढे जरी हाती आले, तरी येत्या रविवारी ते दार ठोठावता आले असते.

समोरचे घर एक्केचाळीस सालीच शरदात बॉम्बने जमीनदोस्त झाले होते. मंडळींनी ते त्याच जागी नव्याने उभारले होते. जुन्या घराचे साधे छायाचित्रही कोणाजवळ नव्हते. "मीसुद्धा त्या घराचा उंबरठा कधी ओलांडला नाही," रोझमंड मुलाखतींतून सांगे. "त्या साली माझं लग्न ठरलेलं. जमीनदाराची होणारी सून मास्तराकडे कशाला जाईल? आतलं सगळं माझ्या कल्पनेतलं."

आठ वाजले. पर्सी त्या नव्या घरात माडीवर गेला. ईनिड अंगणात आपल्या जुन्या खिडकीखाली उभी राहिली. पर्सीने उघडी खिडकी ओढून लावली.

सोन्याची एक तिरीप तिच्या डोळ्यांवर येऊन गेली.

"चमकली?" पर्सीने हाक दिली.

"चमकली! पण एकदाच."

"मग?"

"मी तीन पाहिल्या होत्या, पर्सी. एकामागून एक."

त्याने पुन्हा लावली. पुन्हा एकच. ईनिडचा चेहरा उतरला. माणूस खिडकी एकदाच लावतो. तीनदा चमकतो तो हातातला आरसा, किंवा पोरीच्या मनातला खोटेपणा. दोन्हींपैकी काहीही घेऊन त्या दाराशी जाता येत नव्हते.

"जाऊ दे," ती म्हणाली. "उतरा खाली. चहा निवतोय."

तेवढ्यात फाटकाशी मोटार थांबली आणि काठी टेकीत रोझमंड उतरली. रात्रीच्या चित्रणासाठी ती आली होती. दोरीपलीकडची मंडळी अदबीने मागे सरली. तिने बहिणीकडे पाहिले नाही, वर पाहिले. पर्सी एकदा शेवटचे म्हणून खिडकी लावत होता आणि ती सहज, एका हिसक्यात लागली.

रोझमंडच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, हे काय?" तिने काठी उगारून वर हाक दिली. "कोणी बसवली ही खिडकी? तिची खिट्टी तिसऱ्या हिसक्याशिवाय कधी लागत नसे!"