पाचशे फूट

वेंडेल हवालदार मोजणीचं चाक ढकलत शेतातून परत आला तेव्हा वर्डी टॅकेट चर्चच्या कपड्यांतच पडवीत बसली होती. बूट तेवढे काढले होते. पायांना सूज होती, आणि ती पाहुण्यापासून लपवायचं वय गेलं होतं.

"सहाशे चाळीस," वेंडेल म्हणाला. "बांधापासून त्या नव्या घरांपर्यंत सहाशे चाळीस फूट भरतात, मिस वर्डी."

"मला विचारलं असतंस तर चाक न फिरवता सांगितलं असतं. माझ्या होबर्टनं पावलांनी मोजून घातलाय तो बांध. तुझा बाप तेव्हा नाक पुसायला शिकत होता."

त्या मातीच्या बांधापुढं फळीवर कॉफीचे रिकामे डबे मांडायचे आणि रविवारी जेवण झालं की नेम धरायचा, हे टॅकेटांकडं चाळीस वर्षं चालत आलं होतं. नवरा होबर्ट गेला तरी थांबलं नाही. हर्शेल आणि डॉनी, दोघे मुलगे, शहरातून तासभर गाडी हाकत येत, ते बंदुका घेऊन. पोरं माझ्या हातच्या कोंबडीसाठी येतात, असं वर्डी चर्चमध्ये सांगे. खरं काय ते तिला ठाऊक होतं. दोघे बंदुकीवाचून एकदाच आले होते, बापाच्या मातीला.

यंदा काउंटीनं, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, नियम केला. दुसऱ्याचं घर पाचशे फुटांच्या आत असेल, तर आपल्या स्वतःच्या जमिनीतसुद्धा बार काढायचा नाही. काढायचाच तर त्या घरमालकाची लेखी परवानगी हवी. वर्डी त्याच्या सभेला जाऊन आली होती. तिला तीन मिनिटं दिली, ती तिनं नव्या घरांतल्या लोकांची हजेरी घेण्यात घालवली. ज्यांना कोंबडा आरवलेला सोसत नाही त्यांनी खेड्यात यावंच कशाला, असं विचारून ती खाली बसली होती.

"मग सांग त्यांना," ती आता म्हणाली, "कानात बोळे घाला म्हणावं."

वेंडेल हसला नाही. त्यानं शेताच्या कडेला उभ्या असलेल्या चाकांवरच्या घराकडं हनुवटीनं दाखवलं. "ते एक घर राहिलं."

"ते घर कुठलं? ट्वायलाचं आहे ते."

"कागदावर वेगळं घर आहे, मिस वर्डी. एकशे नव्वद फूट."

लग्न ठरलं की पोराला एक एकर तोडून द्यायची टॅकेटांची रीत. हर्शेल आणि डॉनीनं आपापला एकर वर्षाच्या आत विकला. नवी घरं उभी होती ती त्यावरच. लेक ट्वायला तेवढी राहिली. तिची जागा वर्डीनं स्वतः निवडली होती, स्वयंपाकघरातून तिचा दिवा दिसावा म्हणून.

"मग आण तो परवानगीचा कागद," वर्डी म्हणाली. "इस्पितळात रात्रपाळी करून आलीय, आत्ता निजलीय. उठली की सही घेते. माझ्या पोटची आहे, नाही म्हणेल होय?"

वेंडेलनं टोपी काढली. मग खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्या हातात दिला.

चष्मा आत राहिला होता, पण वाचण्यासारखं फार नव्हतं. दोन चौकोन होते आणि खूण खालच्या, नकाराच्या चौकोनात होती. त्याखाली ट्वायलाची सही. ते अक्षर वर्डीनंच स्वयंपाकाच्या टेबलावर हात धरून गिरवून घेतलं होतं.

"चुकून झाली असेल खूण."

"मी दोनदा विचारलं," वेंडेल हळू म्हणाला. "ती म्हणाली, आईला तीनदा सांगून पाहिलं."

सांगितलं होतं खरं. तिन्ही वेळा वर्डीनं एकच उत्तर दिलं होतं, की पाळण्यात होतीस तेव्हा ह्याच बारांच्या आवाजात घोरायचीस. सगळे हसले होते. ट्वायला हसली होती का, ते काही आठवेना.

तिनं त्या घराकडं पाहिलं. निजायच्या खोलीच्या खिडकीला आतून गोधडी ठोकलेली होती. वर्डीनंच ती लग्नात दिली होती, अख्खा हिवाळा घालून शिवलेली. दोन वर्षांपूर्वी ती खिडकीत दिसली तेव्हा तिच्या जिवाला लागलं होतं. मी पलंगासाठी शिवते आणि बाईसाहेब पडदा करतात, असं तिनं अर्ध्या चर्चला ऐकवलं होतं. ट्वायलाला मात्र कधी विचारलं नाही.

गोधडी दुहेरी घडी करून ठोकलेली होती. उन्हाला एक पदर पुरला असता.

तेवढ्यात मुलांची गाडी आली. वेंडेलनं टोपी घातली, दोघांना मान हलवून रामराम केला आणि निघून गेला. वर्डीनं कागद मांडीखाली सरकवला.

"काय म्हणत होता?" हर्शेलनं विचारलं. बंदुकीची पिशवी त्याच्या खांद्यावरच होती.

"नेम बंद. आजपासून."

"तक्रार कोणी केली? ते वरचे शहरी लोक ना?"

"मी," वर्डी म्हणाली. "कान दुखतात माझे. बंदुका गाडीत ठेवा. आणि गाडीचं दार हळू लावा."

डॉनीला थट्टा वाटली, तो हसला. मग तिच्या तोंडाकडं पाहून थांबला. दोघे जेवले. कोंबडी चांगली झाली होती, असं दोघांनीही म्हटलं. डॉनीनं दोनदा घड्याळ पाहिलं. दोन वाजायच्या आत ते निघाले. पुढच्या रविवारी बघू, असं हर्शेल गाडीतून म्हणाला. बघू म्हणजे काय, ते वर्डीनं विचारलं नाही.

ताटं तशीच टाकून ती पडवीत येऊन बसली. फळीवर सकाळी मांडलेले डबे उन्हात उभे होते. उठून ते आणायचं त्राण तिच्यात नव्हतं.

चारच्या सुमाराला ट्वायलाच्या खिडकीतल्या गोधडीचा एक कोपरा उचलला गेला. बराच वेळ तसाच राहिला. मग खाली पडला.