उजवीकडची खुंटी

खुंटी पुन्हा डावीकडेच निघाली.

मास्तरांनी बॅन्जो उलटा केला, सुलटा केला, चष्मा कपाळावर ढकलून दांडीवरून बोट फिरवलं. पाच तारा. त्यातली आखूड तार अर्ध्या दांडीवरच्या खुंटीला बांधलेली. खुंटी डाव्या बाजूला, सगळ्या बॅन्जोंची असते तशीच.

"हाही नाही," ते म्हणाले.

"पण माल अस्सल आहे हं," दुकानदार घाईघाईनं म्हणाला. "कातडं बघा, धुरानं कसं काळवंडलंय. तीन पिढ्यांनी वाजवला असेल."

"द्या बांधून."

सोबत आलेल्या लेकीनं कपाळाला हात लावला. "अहो बाबा, घरात आता बॅन्जो पलंगावर लोळतात आणि माणसं भिंतीला टेकून उभी! तो नाही ना हा? मग घ्यायचा कशाला?"

"सोडवत नाही गं."

मास्तर म्हणजे जुन्या बॅन्जोंचे मोठे जाणकार, असा त्यांचा लौकिक होता. लांबून लोक त्यांचा संग्रह बघायला यायचे, वा वा करायचे. खरं काय ते बाप-लेकीलाच ठाऊक. थोरला मुलगा डावखुरा. त्यानं बिस्किटांच्या गोल डब्यावर कातडं ताणून स्वतःच एक बॅन्जो बनवला होता, आखूड तारेची खुंटी उजवीकडे ठेवून. "या घरात एक तर ही टुणटुण राहील, नाही तर तू!" मास्तर ओरडले होते. सकाळी दोन्ही गेलेली.

पोरगा कधीतरी पोटासाठी तो बॅन्जो विकेल, तो कुठल्यातरी दुकानात येईल, मग विकणाऱ्याचा माग लागेल. एवढ्या एका धाग्यावर मास्तर इतकी वर्षं लोंबकळत होते. आज तो धागाही हातातून सुटला.

"हा शेवटचा," ते म्हणाले. "आता नाही यायचा मी. नाही सापडत तो."

लेकीनं त्यांचा हात धरला. हेच वाक्य ऐकायला ती कधीची आसुसली होती, आणि आता ते ऐकवेना.

दोरीला गाठ मारता मारता दुकानदार थांबला. "बरं झालं, मास्तर. यापुढं असे बॅन्जो येणारही नव्हते."

"म्हणजे?"

"हे जुने नव्हतेच. मी दिलेला एकही नाही." त्यानं दुकानाच्या मागच्या पडद्याकडे मान वळवली. "तिथं आत एक कारागीर बसायचा. चहाच्या पाण्यानं लाकूड रंगवायचा, कातड्याला धुरी द्यायचा. सगळं तुमच्यासाठीच."

मास्तरांचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. "फसवलंत मला? इतकी वर्षं? बोलवा त्याला बाहेर! तोंड तरी बघू दे त्याचं!"

"कालच स्मशानात पोचवून आलो त्याला. छातीचं दुखणं होतं." दुकानदाराला वर बघवेना. "शपथ घातली होती हो त्यानं मला. तुम्ही आलात की हातातलं काम टाकून पडद्याआड उभा राहायचा. मी म्हणायचो, जा की बाहेर, वेड्या. तर म्हणायचा, 'नको. बाबा आता बॅन्जो किती जपून धरतात, तेवढं बघू द्या.'"