कानुलचा वाडगा

म्हातारा कानुल मरणाची सगळी तयारी करून बसला होता. अडलं होतं ते फक्त वाडग्यावाचून. माणूस गेला की त्याच्या तोंडावर वाडगा पालथा घालून बुडाला भोक पाडायचं, म्हणजे जीवाला वाट मिळते, अशी गावची रीत. पण भोक पाडायला आधी वाडगा धड हवा ना!

साऱ्या गावाची भांडी त्याची लेक इश्मुकुय घडवायची. त्यांतलं एकही कधी तडकलं नाही. बापाचा वाडगा मात्र दरवर्षी आव्यातून फुटूनच निघायचा.

“माझ्याच वेळी कसा गं तुझा हात बिघडतो?”

“तुमचं तोंडच केवढं मोठं, बाबा! वाडगा तेवढा ताणला की तडकतो. बघू पुढच्या वर्षी.”

यंदा त्याला राहवेना. त्याने कुडाच्या फटीला डोळा लावला. लेकीने त्याच्या वाडग्याची माती मळली, इकडेतिकडे पाहिलं आणि आव्यात हमखास फुटणारा चुनखडीचा एक खडा हळूच आत दाबला.

दुसऱ्या दिवशी मक्याच्या शेतातून येताना म्हाताऱ्याने तसलेच खडे वेचून आणले, ओंजळभर, चांगले टपोरे. आणि लेकीच्या मातीशेजारी गुपचूप ठेवून दिले.