दोन घमेली जास्त

वृंदाताईंनी साठीत हौसेनं घेतलेली लाल स्पोर्ट्स कार थेट गॅरेजात आणली होती. "अशी खाली बसवा, की खालून मुंगीही जाता कामा नये!"

"बसवू की. एका सस्पेन्शननं गाडी कायमची खाली बसते, दुसऱ्यात उंची कमीजास्त करता येते," रफिक मिस्त्री म्हणाला. "पण आधी रोजच्या वाटेवरचा सगळ्यात उंच स्पीडब्रेकर मोजून आणा. त्याशिवाय मी कुणाला निवडू देत नाही."

ताई टेप घेऊन स्कूटरवरून निघाल्या. शाळेपुढचा भरला चार इंच, आणि स्वतःच्याच सोसायटीच्या फाटकातला चक्क सात!

"कुठल्या शहाण्यानं बांधलाय हा?" त्या वॉचमनवर डाफरल्या.

"तुम्हीच की मॅडम, सेक्रेटरी असताना. गवंडी थांबला होता, तुम्ही आणखी दोन घमेली ओतायला लावलीत. पोरं गाड्या सुसाट पळवतात म्हणून."

ताई टेप गुंडाळत गॅरेजात परतल्या. "उंची बदलणारंच बसवा. आणि खाली नको, वर घ्या."

"त्यापेक्षा तो स्पीडब्रेकरच तासून घ्या ना, ताई."

"छे हो, आता तर तो हवाच," किल्ली बोटावर गरगर फिरवत ताई म्हणाल्या. "आता मी गाडी चालवणार आहे."