वास न येणारा लसूण

"हृदयाच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बंद कुठे? विसरलो," दादा उशीला टेकून म्हणाला. "कामाच्या गडबडीत राहून गेल्या."

पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या धाकट्या भावानं मान खाली घातली. दादाच्या छातीवर चिकटवलेल्या वायरी त्याला बघवत नव्हत्या.

"विसरलो म्हणे!" वहिनी उसळली. "लोकांच्या लिफ्टचा एकेक स्क्रू लक्षात राहतो, आणि स्वतःचं काळीज विसरलात? काल जिन्यात कोसळलात, माझ्या पायाखालची जमीन सरकली."

"चुकलं बाई."

कालपासून ती त्याला असंच फैलावर घेत होती आणि तो मुकाट ऐकून घेत होता.

दादा विसरला नव्हता. गोळ्यांनी चक्कर येते, शिडीवर पाय ठेवायची भीती वाटते, असं तो जिममध्ये येऊन सांगून गेला होता. धाकटा तिथे व्यायाम शिकवायचा, काउंटरवरच्या पावडरी आणि कॅप्सूलही विकायचा. त्यानं लसणाच्या कॅप्सूलची बाटली दादाच्या हातात ठेवली. "वाससुद्धा येत नाही बघ. हृदयाला एक नंबर. त्या गोळ्या दे फेकून, नुसतं विष आहे ते." कुठेतरी अर्धंमुर्धं वाचलेलं, पण सांगितलं मात्र ठासून.

"याशिवाय आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, कॅप्सूल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे," दादा म्हणाला. धाकट्याकडे त्यानं चुकूनही पाहिलं नाही.

बाई मान डोलावून पुढच्या पलंगाकडे वळल्या. आता गप्प राहिलं तरी चालणार होतं. कुणालाच कधी कळलं नसतं.

"डॉक्टर!" धाकट्याचा आवाज चिरका निघाला. "तो विसरला नाही. गोळ्यांनी चक्कर येते म्हणाला, म्हणून मी बंद करायला लावल्या. त्यांच्याऐवजी लसणाच्या कॅप्सूल दिल्या त्याला. कालपर्यंत घेत होता."

"तुला कुणी विचारलं होतं रे?" दादा खेकसला. डोक्याशी असलेलं मशीन भरभर टिकटिकायला लागलं.

"शांत पडा काका." डॉक्टरीणबाई मागे फिरल्या. "सांगितलंत ते बरं केलंत. रक्त पातळ करायचं औषध सुरू केलंय, त्याच्या जोडीला त्या कॅप्सूल नकोतच, रक्तस्राव होऊ शकतो. जेवणात लसूण खा हो, कोण नको म्हणतंय? पण या गोळीचं काम लसणाला जमत नाही." मग दादाकडे बघून त्या म्हणाल्या, "आणि चक्कर येत होती, तर माझ्याकडे यायचं. मी गोळी बदलून दिली असती. एवढंच तर होतं."

त्या गेल्या. ते 'एवढंच' तिथेच राहिलं.

वहिनी स्टुलावर बसली. बराच वेळ तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"एकदा तरी सांगायचंत," ती नवऱ्याला म्हणाली. "कालपासून माझ्या तोंडाचा पट्टा चालू आहे."

"सांगितलं असतं, तर याला घरात घेतलं असतंस?"



"वहिनी, मी..." धाकटा पुढे झाला.

"राहू द्या भाऊजी. आत्ता नको."

त्यानं डोळे पुसले. खिडकीखाली कुणीतरी मोटारसायकल सुरू करायला धडपडत होतं. ती सुरू होऊन निघून गेली.

नर्स आली. तिनं छोट्या वाटीत एक पांढरी गोळी आणून ठेवली. "ही आत्ता द्यायची," म्हणाली आणि लगबगीनं निघून गेली.

वहिनीनं वाटीला हात घातला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं ती वाटी तशीच धाकट्यासमोर धरली.

"तुम्ही द्या."

गोळी एवढीशी होती. धाकट्याच्या जाडजूड बोटांत ती नीट धरता येईना. तो दादाजवळ गेला, वाकला.

कसली, कशाची, काही न विचारता दादानं तोंड उघडलं.