पाचवी भेट

काट्याची सुई साडेतीन किलोच्या जरा अलीकडे थरथरली आणि थांबली. मागच्या आठवड्यापेक्षा बाळ दोनशे ग्रॅमनं वाढलं होतं.

करमाडच्या त्या घरी आशाताई म्हणून माझी ही पाचवी भेट. कावेरी एकोणीस वर्षांची पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. चौथ्या भेटीत तिची आई आवडाबाई पाणी तापवायला गेली, तेव्हा ती हळूच म्हणाली होती, "ताई, मला सासरी परत जायचं नाय. ते लई मारतेत. पण आईला सांगू नका. माझं मी सांगीन, जरा धीर आला की."

मला वाटलं, हे आईला नाही सांगायचं तर कुणाला? निघताना मी आवडाबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

आज दारात जीप उभी होती आणि जावई ओसरीवर चहा पीत बसले होते.

"सव्वा महिनासुद्धा झाला नाही, आणि लगेच पाठवता?" मी विचारलं.

"तुमीच म्हणल्या ना, पोरीच्या मनात भलतंच हाय म्हणून," आवडाबाई म्हणाल्या. "मीच फोन करून बोलवलं त्यांना. इथं बसून इचार वाढायच्या आत गेलेली बरी."

कावेरीनं काट्याच्या झोळीतून बाळ उचललं, छातीशी धरलं आणि माझ्याकडे पाहत, पण ओसरीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,


"मी जाणार नाय. आन् ताई, तुमी बी आता माझ्याकडं येऊ नका."