कोळशाची रेघ

“लाकडांची खोली उघड,” थोरला म्हणाला.

धाकट्याने हात पुसले. भावाच्या मागे गवंडी विटा घेऊन उभा होता. दोन घरांमधलं दार आज कायमचं बुजवायचं, हे थोरल्याने ठरवलंच होतं. फक्त चोरी डोळ्यांनी पाहायची राहिली होती.

दरवर्षी दोघे वाळलेलं सरपण घेत. यंदा स्वस्त पडतं म्हणून पहिल्यांदाच ओलं आणलं आणि उन्हाळाभर वाळायला ठेवलं. निम्मं निम्मं वाटून घेतलं, आपापल्या खोलीत भिंतीपासून वीतभर सोडून रचलं. दोन्हीकडे ढिगाच्या माथ्याच्या उंचीवर थोरल्याने भिंतीवर कोळशाची रेघ ओढली.

आज सकाळी थोरल्याचा ढीग रेघेच्या चार बोटं खाली दिसला. घरात अजून जुन्याच सरपणावर भागत होतं, नव्याला कुणी हात लावला नव्हता. लाकडांच्या खोलीची दुसरी किल्ली एकमेकांकडे ठेवायची पद्धत वडिलांपासूनची. मग पाणी कुठे मुरतंय हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? त्याने तडक बाजार गाठला, नवं कुलूप खिशात टाकलं आणि येताना गवंड्यालाच घेऊन आला. संशयाला औषध नसतं, विटा मात्र मिळतात.

धाकट्याने कुलूप काढलं. थोरला त्याला बाजूला सारून आत शिरला. आपली गेलेली लाकडं इथे रेघेच्या वर चढलेली असणार, याची त्याला खात्री होती.

इथला ढीगही रेघेच्या चार बोटं खाली होता.

थोरला बघतच राहिला. त्याने वरचं एक लाकूड उचललं. गाडीतून उतरवताना ते दोन्ही हातांना जड झालं होतं, आता एका हातात आलं. टोकांना भेगा पडल्या होत्या, साल सुटली होती. दुसऱ्यावर आपटलं तसं खणखणीत वाजलं. ओल गेली होती आणि लाकडं आकसली होती. ढीग नुसता खाली बसला होता. कुणी काहीच नेलं नव्हतं. थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुझीही कमी दिसतायत,” तो कसाबसा म्हणाला. “कधी बोलला नाहीस?”

“त्यात काय बोलायचं, दादा?” धाकट्याने नजर खाली वळवली. “मला वाटलं, तूच नेतोस. वहिनीला गारठा सोसत नाही, आणि तुला मागायला जड जात असेल. म्हणून तर मी कुलूप बदललं नाही.”